आसरांचं नाव

मराठीत 'अप्सरा' या शब्दाची दोन घराणी झाली. एक इंद्राच्या दरबारात गेलं. तिथल्या अप्सरेला काम नेमून दिलेलं असतं. कुणी ऋषी फार तप करायला लागला की खाली उतरायचं, नाचायचं, त्याचं तप मोडायचं आणि परत यायचं. हुकूम इंद्राचा, शाप मात्र तिला. दुसरं घराणं खालीच राहिलं. विहिरीवर, ओढ्याच्या वळणावर, नदीच्या डोहात. तिथं शब्द झिजून 'आसरा' झाला. या आसरांना कुणाचा हुकूम नाही. त्या सात असतात म्हणून साती आसरा. जवळपास बहुतेक ठिकाणी म्हसोबा असतो, त्याला त्यांचा भाऊ म्हणतात, पण तो मालक नव्हे, राखणदार. मावळात गेलात तर अशाच पाण्याकाठच्या बायांना मावलाया म्हणतात. देऊळ नाही, मूर्ती नाही, पुजारी नाही. शेंदूर लावलेले सात दगड, हिरवा खण, बांगड्या, लिंबू आणि दहीभाताचा नैवेद्य. एवढ्यात भागतं.

मी कुरुंदवाडची. पंचगंगा आणि कृष्णा जिथं एक होतात त्या नृसिंहवाडीच्या पलीकडच्या तीरावरचं हे गाव. एकेकाळी पटवर्धनांची थोरलं आणि धाकटं अशी दोन संस्थानं इथं होती, ती १९४८ साली विलीन झाली. गणपतीत इथल्या पाच मशिदींमध्ये गणपती बसतो, हे दरवर्षी पेपरात छापून येतं आणि आम्हाला त्यात छापण्यासारखं काय आहे ते कळत नाही. बाकी आमचं सगळं नदीवर. मळीतली वांगी नदीची, पूर नदीचा, भीतीही नदीची. साती आसरांची नावं काही ठिकाणी मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी सांगतात. म्हणजे मासोळी, कासव, खेकडा, बेडकी, मगर. कृष्णेत मगरी आजही आहेत. त्यामुळे ही नावं मला कधी पुराणातली वाटली नाहीत.

माझी मुलगी पुण्यात शिकते. तिच्या कॉटखाली सेरा जे. मास या अमेरिकन लेखिकेच्या जाडजूड कादंबऱ्यांची चळत आहे. त्यातल्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (२०१५) मध्ये १९ वर्षांची एक शिकारी मुलगी रानात लांडगा मारते. तो लांडगा नसून 'फे' निघतो आणि त्याच्या बदल्यात तिला भिंतीपलीकडच्या फे लोकांच्या मुलखात जावं लागतं. फे म्हणजे युरोपातल्या जुन्या गोष्टींतले ते दुसरे लोक. देखणे, लहरी, माणसाच्या शेजारी राहणारे आणि माणसाचे नियम न मानणारे. मुलगी मला म्हणाली, "आई, आपल्याकडे असलं काही का नाही? आपल्याकडे नुसत्या पऱ्या. पंख आणि छडीवाल्या."

'परी' हा शब्द फारसी, आणि आपण तो लहान मुलांच्या पुस्तकात नेऊन ठेवला, हे तिचं म्हणणं खरंच आहे. पण मी तिला आसरांबद्दल सांगितलं नाही. मी तिच्या हातात 'सोन्याचे मडके' दिलं.

जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) आपल्याला 'काजळमाया', 'पिंगळावेळ'मुळे माहीत असतात. बेळगावचा, धारवाडला इंग्रजी शिकवणारा हा माणूस भाषांतरंही मनापासून करायचा. कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, तशीच जेम्स स्टीफन्स या आयरिश लेखकाची 'द क्रॉक ऑफ गोल्ड'ही आणली. मूळ कादंबरी १९१२ सालची. स्टीफन्स तेव्हा डब्लिनमध्ये वकिलाच्या कचेरीतल्या कारकुनीतून नुकताच लेखनाकडे वळत होता. देश इंग्रजांच्या राज्यात होता. चारच वर्षांनी, १९१६ मध्ये, डब्लिनच्या रस्त्यांवर उठाव झाला आणि स्टीफन्सनं त्याची डोळ्यांदेखत पाहिलेली हकिगत लिहिली. पण या कादंबरीत तोफा नाहीत. पाइनच्या दाट रानात राहणारे दोन तत्त्वज्ञ आहेत. ते सगळं जाणतात आणि बोलतच राहतात.

त्यांच्या बायका फे आहेत. आयरिश भाषेत 'शी'. हा शब्द आधी टेकडीचा होता. त्या टेकड्यांच्या पोटात हे लोक राहतात म्हणून राहणाऱ्यांचंही तेच नाव पडलं. एक बाई करड्या रंगाची, दुसरी हडकुळी. दोघींना या तत्त्वज्ञांचा भयंकर राग. राग इतका की त्यांनी त्यांच्याशी लग्नच केलं, रात्री अंथरुणात चिमटे काढता यावेत म्हणून. पण नवऱ्यांची कातडी एवढी जाड की त्यांना चिमटे कळतच नाहीत. पुढं पहिला तत्त्वज्ञ, आता जाणून घ्यायचं काही उरलं नाही म्हणून, खोलीत गिरक्या घेत घेत मरतो. त्याची बायकोही तशीच जाते. हडकुळी बाई दोघांना चुलीपुढच्या दगडाखाली पुरते. मग एका शेतकऱ्यानं लेप्रेकॉनांचं सोन्यानं भरलेलं मडकं पळवल्यावरून भानगड उभी राहते. लेप्रेकॉन सूड म्हणून पोलिसांत खबर देतात की अमुक घरात दोन प्रेतं पुरलेली आहेत. पोलीस दुसऱ्या तत्त्वज्ञाला धरून नेतात. शेवटच्या भागात ती हडकुळी बाई, दोन पोरांना घेऊन, आपल्या माणसांना गोळा करायला निघते. आणखी एक मुलगी आहे, शेळ्यामेंढ्या राखणारी कॅटिलिन. ती बासरी ऐकून पॅन नावाच्या शिंगंवाल्या परदेशी देवामागं निघून जाते. मग आयर्लंडचा स्वतःचा देव अँगस ओग तिला मागायला येतो.

मुलीनं पुस्तक चाळलं आणि "यात हिरो कुठाय?" असं विचारून ठेवून दिलं. ते माझ्याबरोबर कुरुंदवाडला आलं. पुढची गोष्ट त्या पावसाळ्यातली आहे आणि ती माझ्या धाकट्या आत्याची आहे.

आत्या ऐंशीला टेकली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर तिला लागत नाही. पाऊस झडीचा होता, टीव्ही बंद, दुपार लांब. मी वाचायला लागले. देवांची पोथी सोडून तिला कुणी काही वाचून दाखवलं असेल असं मला वाटत नाही. ती शेंगा फोडत ऐकत होती. चिमट्यांच्या जागी आली आणि शेंगा खाली ठेवून हसायला लागली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत.

"खरं हाय की गं," म्हणाली. "कातडं लई जाड असतंय त्यांचं."

लेप्रेकॉन पोलिसांत जातात तिथं तिनं मला थांबवलं. "म्हंजे डोहातल्यांनी जाऊन चौकीत वर्दी दिली?" हो म्हटल्यावर पुन्हा हसली. "आणि पोलिसांनी घेतली लिहून? आपली घेत न्हाईत."

आमच्याकडच्या बायका अजूनही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. बाहेरच्यांना ते चुकीचं वाटतं. आत्याच्या तोंडी ते फार शोभतं. लहानपणी ती घाटावरून उडी टाकून पलीकडं पोहून जायची. मळीत एकटीच राखणीला झोपायची. गावात तिला 'रानवट' म्हणत आणि ते कौतुक नव्हतं. अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं, कृष्णेच्या वरच्या अंगाच्या, सांगलीपलीकडच्या एका गावात. तिथं काय झालं हे ती कधी नीट सांगत नाही. हाताच्या कोपराशी एक जुना व्रण आहे. दुसऱ्या वर्षी, भर उन्हाळ्यात, ती रात्रीची घरातून निघाली. रस्ता माहीत नव्हता. विचारायची सोय नव्हती.

"नदी धरली," ती सांगते. "पाणी जिकडं चाललंय तिकडं चालत राहिलो. कुरुंदवाड येतंयच की कवातरी."

एक रात्र आणि पुढचा जवळजवळ सगळा दिवस. संध्याकाळी ती मळीत पोचली तेव्हा पायाचे तळवे सोलले होते आणि ती बोलत नव्हती. आठ दिवस बोलली नाही. तिला न्यायला सासरची माणसं आली. आजोबा गप्प. चुलते म्हणाले, लेक दिली म्हणजे दिली. तेव्हा माझी आजी, जी एरवी पुरुषांच्या बैठकीत यायची नाही, उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली:

"तिला डोहातल्या बायांनी धरलंय. न्या न्यायची तर. पर माघारी काय इपरित झालं तर माझ्या दारात यायचं न्हाई."

माणसं चहा न घेता उठली.

मी आत्याची गोष्ट लहानपणी ऐकली ती अशी: आत्याला आसरांनी धरलं होतं, म्हणून तिचं लग्न मोडलं. काय झालं आणि कशामुळं झालं, याचा क्रम उलटा होता. आत्यानं मला या पावसाळ्यात तो सरळ करून सांगितला, तोही कादंबरीच्या मध्येच. कॅटिलिनच्या निवडीचा भाग चालू होता. एकीकडं पॅन, दुसरीकडं अँगस ओग. ती अँगसला निवडते. का, तर त्याला तिची गरज आहे म्हणून. त्याच्याकडून सुख मिळेल असं नव्हे. तो एकटा आहे, लोक त्याला विसरलेत, म्हणून. टीकाकार या जागेचा अर्थ चांगला लावतात: परक्या देवाला सोडून आयर्लंडची पोर आपल्या देवाकडं जाते. मलाही तो अर्थ पटलेला होता.

आत्याला पटला नाही. "हेच सांगत्यात समद्या पोरींस्नी," म्हणाली. "त्येला तुझी गरज हाय. घराला तुझी गरज हाय. पोरीला कसली गरज हाय, ते कोण इचारतंय?" मग थोडा वेळ शेंगा फोडत राहिली आणि म्हणाली, "आईनं इचारलं हुतं. त्या आठ दिसांत. रोज रातच्याला इचारायची, जायचंय का. मी मान हलवायचो, न्हाई म्हणून. मग ती त्यांचं नाव घेऊन उभी ऱ्हायली."

मी विचारलं, "मग तुला खरंच धरलं होतं का?"

"पाय धरलं हुतं," ती म्हणाली. "एवढं चालल्यावर धरतील न्हाई तर काय."

आता इथं मला थांबून दुसरी एक बाई आठवावी लागते, कारण नाहीतर ही गोष्ट फार गोड होईल. स्टीफन्सच्या कादंबरीच्या १७ वर्षं आधी, मार्च १८९५ मध्ये, आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची २६ वर्षांची शिवणकाम करणारी बाई आजारी पडली. तिच्या नवऱ्याच्या डोक्यात बसलं की ही आपली बायको नव्हे, खरीला शी लोकांनी पळवलं आणि तिच्या जागी हिला ठेवलं. वनस्पतींचे काढे पाजून झाले, चुलीच्या धगीपुढं धरून झालं, तू कोण आहेस हे पुनःपुन्हा विचारून झालं. घरात नात्यातली माणसं हजर होती. शेवटी त्यानं तिला जाळलं. खरी बायको पांढऱ्या घोड्यावर बसून टेकडीतून बाहेर येईल म्हणून तो नंतर वाट पाहत होता. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. ज्या लोकश्रद्धेतून 'द क्रॉक ऑफ गोल्ड'मधली ती चिमटे काढणारी, खट्याळ बाई आली, त्याच श्रद्धेत ब्रिजेट जळाली. देश तोच, शब्द तोच, 'शी'.

आमच्याकडंही आत्याला ते नाव फुकट मिळालं नाही. आसरांनी धरलंय म्हटल्यावर ते उतरवायला हवं. देवऋषी आला. मिरच्यांची धुरी दिली. "आई बाजूला बसून रडत हुती, पर थांबवलं न्हाई," आत्या म्हणाली. "थांबवलं असतं तर खोटं पडलं असतं." आत्याचा खोकला मला जन्मापासून ओळखीचा आहे. तो धुरीचा की चुलीचा हे आता कोण सांगणार. पुढं सात वर्षं दर अमावास्येला आजी डोहावर नैवेद्य ठेवायची, सगळ्या गावाला दिसेल असा. तेवढ्यात तिकडं नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. आत्या मळी करायला लागली, वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसायला लागली. पण हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. बाळंतिणीच्या खोलीत तिला येऊ देत नसत. माझ्या जन्मानंतर तिनं मला तीन महिन्यांनी पहिल्यांदा घेतलं.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हा आता गुन्हा आहे. तो कायदा असायलाच हवा आणि पन्नास वर्षं आधी असायला हवा होता. एवढं म्हणून झाल्यावरही माझ्यापुढं आजी उंबऱ्यात उभी असते. तिच्याकडं त्या दिवशी दुसरं काय होतं? कायदा नव्हता, पैसा नव्हता, नवऱ्याचा पाठिंबा नव्हता. माहेरी परत आलेल्या लेकीसाठी भाषेत एक चांगला शब्दसुद्धा नव्हता, 'टाकलेली' सोडून. सासर सोडून आलेली बाई परत पाठवता येत होती. आसरांनी धरलेली बाई पाठवता येत नव्हती. पुरुष ज्याला घाबरतील अशी एकच गोष्ट आजीच्या हाताशी होती आणि ती पाण्यात राहत होती.

कादंबरीत लेप्रेकॉन सोन्याचं मडकं का बाळगतात याचं कारण दिलेलं आहे. त्यांना सोन्याचा सोस नाही. ते जोडे शिवून पोट भरतात. मडकं असतं ते माणसाच्या तावडीत सापडलं तर स्वतःला सोडवून घेण्यासाठी. खंडणी म्हणून. म्हणून ते झाडाखाली पुरून ठेवायचं, कुणाला सांगायचं नाही, आणि वेळ आली तर देऊन टाकायचं. मी हे वाचलं तेव्हा आत्या काहीच बोलली नाही. मी मात्र पान उलटायचं विसरले. आमच्या आज्या-पणज्यांनी आसरांची भीती पिढ्यानपिढ्या का जपली असेल, याचं मला पटणारं पहिलं कारण तिथं मिळालं. सगळ्यांनी त्यासाठीच जपली असेल असं मी म्हणत नाही. पण कुठल्या तरी एका लेकीची सुटका होईल एवढी किंमत त्यात साठलेली होती, आणि आजीनं ती एका संध्याकाळी दिली. ब्रिजेटच्या घरी मडकं नवऱ्याच्या हाती लागलं होतं.

मुलीच्या त्या जाड कादंबऱ्या मी आता वाचते आहे. त्या वाईट नाहीत. त्यातली मुलगी धनुष्य चालवते, भूक ओळखते, बहिणींसाठी शिकार करते. पण तिचा रानटीपणा शेवटी कुणा देखण्या फे सरदाराच्या नजरेत भरण्यासाठी असतो असं मला वाटत राहतं. हडकुळ्या बाईचं तसं नाही. ती आधीच फे आहे, तिचं लग्न होऊन गेलंय, अंगात मांस नाही, जीभ तिखट. ज्या नवऱ्याला तिनं चिमटे काढले त्यालाच तुरुंगातून सोडवायला ती निघते. वाटेत तिला तीन विराट पुरुष भेटतात: जगातला सर्वांत सुंदर, सर्वांत बलवान आणि सर्वांत कुरूप. ती पोरांचा हात धरून त्या तिघांपुढं उभी राहते आणि बोलते. मग टेकड्याटेकड्यांतून तिची माणसं बाहेर पडतात, जुनी वैरं विसरून, नाचत, गात, शहराकडं. आत्या हा भाग डोळे मिटून ऐकत होती. झोपली असेल असं वाटलं, पण नाही.

"किती जणी?" तिनं विचारलं.

"सगळ्या. मोजता येणार नाहीत इतक्या."

"सातच आल्या असत्या तरी चाललं असतं."

शेवटी तत्त्वज्ञ सुटतो आणि ती सगळी मिरवणूक, आली तशीच नाचत-गात, देवांच्या मुलखात परत जाते. मी पुस्तक मिटलं. आत्यानं शेंगांची टरफलं सुपात गोळा केली आणि म्हणाली, "परत गेल्या हे बरं केलं. ऱ्हायल्या असत्या तर लोकांनी देऊळ बांधून कुलूप घातलं असतं."

२०१९ च्या पुरात आमच्या मळीवर पुरुषभर गाळ बसला. डोहाच्या काठचे सात दगड त्याखाली गेले. पुढच्या वर्षी तिथून जाताना मला पुन्हा सात दगड दिसले, नवे, वेगळ्या आकाराचे, शेंदूर ओला. आत्याला विचारलं तर म्हणाली, कुणी ठेवलं म्हाईत न्हाई. तिचे तेव्हा गुडघे धरले होते, त्यामुळं ती नसणार. गावात अजून कुणाला तरी त्यांची गरज पडली असावी.